यो-यो टेस्टसाठी घेतलेला ब्लूटूथ स्पीकर: हंगामभर वापरल्यावर

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा घोळ या किमतीच्या बऱ्याच स्पीकरांत असू शकतो. अडीच-तीन हजारांतला माल, शिंतोडे सोसणारा, खांद्याला अडकवता येणारा. आवाज आणि बॅटरीबद्दल बाकीच्यांनी जे लिहिलंय ते बरोबर आहे. मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू येतो, आठवडाभर चार्ज करावा लागत नाही. मला लिहायचंय ते फक्त यो-यो या दम मोजायच्या धावण्याच्या टेस्टमधल्या एका बीपबद्दल.

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या चौदा वर्षांखालच्या पोरांना मी फुटबॉल शिकवतो. हंगामाच्या आधी, मधे आणि शेवटी त्यांचा दम मोजायचा हा आमचा नेम. आधी बीप टेस्ट घ्यायचो, माँट्रियलच्या ल्यूक लेजे यांनी बसवलेली: २० मीटरवरच्या दोन रेषा, प्रत्येक बीपच्या आत समोरची रेषा गाठायची, ताशी ८.५ किलोमीटरनं सुरुवात, दर मिनिटाला वेगात अर्धा किलोमीटर वाढ. पण फुटबॉलमधे सलग एका लयीत कोण पळतं? धाव, थांब, परत धाव. म्हणून यंदा डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची यो-यो घेतली, लेव्हल १. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, मग पाच मीटरच्या पट्ट्यात १० सेकंद चालत दम खायचा. बीपच्या आत रेषा गाठली नाही तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. क्रिकेटमुळे हे नाव आता घरोघरी माहीत आहे, पालक विचारतात, "सर, आमचा किती आला?"

पहिल्याच टेस्टला आकडे विचित्र आले. बीप टेस्टमधे शेवटपर्यंत टिकणारी पोरं इथं लवकर बाद. एक जण कळवळून म्हणाला, "सर, बीप उशिरा वाजतोय." एका पालकानं शूटिंग केलं होतं. ते घरी कान देऊन ऐकलं, मग तोच आवाज नुसत्या फोनवरून ऐकला. १० सेकंदांच्या विसाव्यानंतरच्या सुटायच्या बीपचं डोकंच स्पीकरनं खाल्लेलं. बॅटरी वाचवायला तो शांततेत झोपतो आणि आवाज आला की जागा होतो. जागं व्हायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो.

ब्लूटूथला उशीर होतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्याची मला तक्रार नाही. सगळेच बीप सारखे उशिरा आले तर दोन बीपमधलं अंतर तेच राहतं, कुणाचं नुकसान होत नाही. इथं सुटायचा बीप उशिरा आणि वळायचा व पोचायचा बीप मात्र वेळेवर, कारण तोवर स्पीकर जागा झालेला. यो-योतही वेग टप्प्याटप्प्यानं वाढतो; ताशी १४ किलोमीटरच्या टप्प्यावर ४० मीटरला १०.२९ सेकंद मिळतात. त्यातला अर्धा सेकंद गेला की पोराला जवळपास १४.७ नं पळावं लागतं. म्हणजे पुढच्या, १४.५ च्या टप्प्यापेक्षाही जोरात, आणि तेही दर फेरीला. बीप टेस्टमधे हे का जाणवलं नाही? तिथं सगळ्यात लांब शांतता साडेआठ सेकंदांची, तेवढ्यात हा झोपत नाही. यो-योचे १० सेकंद त्याला पुरतात.

वॉरंटीत होता म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या पोरानं गाणं लावलं आणि म्हणाला, "आवाज येतोय की ओ." गाण्यात शांतता नसते हो! मी फोनवर बीप लावून दाखवले, घड्याळ समोर धरलं. उत्तर आलं की हा बिघाड नाही, सोय आहे, आणि ती बंद करता येत नाही. वरिष्ठांकडे गेलो, तिथंही तेच. पैसे परत नाहीत, बदलून नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला आपल्यात दम नाही असं वाटायला लावणारी ही कसली सोय? त्या दिवशी मी याला पाचातला एक तारा दिला होता.

नवा घ्यायला पैसे काढायची माझी तयारी नव्हती. माझी बहीण गाणं शिकते, तिनं उपाय सुचवला: बीपच्या ध्वनिफितीखाली तानपुरा मिसळायचा, अगदी हळू, अखंड. फुकटच्या एका ॲपमधे तासाभरात जमलं. आता शांतताच नाही, त्यामुळे स्पीकर झोपत नाही. परत शूटिंग करून तपासलं, सगळे बीप पुरे आणि वेळेवर. पोरांनाही तो सूर आवडला, विसाव्यात श्वास लवकर जाग्यावर येतो म्हणतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू ठेवतो, म्हणजे मधेच कुणाचा फोन येऊन बीप तुटत नाही. यानंतर मी तारे चार केले.

आवाज सुधारल्यावरच आकड्यांना अर्थ आला. पोरगं एकूण किती मीटर पळालं ते मी लिहितो, त्यावरून शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा हिशोब करत नाही. अंतर गुणिले ०.००८४ अधिक ३६.४ हे सूत्र मोठ्यांच्या मोजणीवरून आलंय. शिवाय त्यात ८४० मीटरला ४३.५ येतात आणि १०८० ला ४५.५, सहा फेऱ्या जास्त पळालेल्या पोराला दोनाचा फरक दाखवून काय सांगणार? एकाला दुसऱ्याशी जोडूनही बघत नाही. या वयात एकाची उंची सपाट्यानं वाढलेली असते, दुसऱ्याची अजून वाढायची असते, आणि लवकर वाढलेला बहुधा जास्त पळतो. म्हणून प्रत्येकाच्या वहीत त्याचाच मागचा आकडा, शेजारी उंची. दहाच्या आतल्यांसाठी २० ऐवजी १६ मीटरची बालआवृत्ती आहे, तीच वापरा. अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको.

पाचवा तारा देणार नाही. ज्याला तानपुऱ्याची युक्ती सुचली नाही, त्याच्याकडची पोरं अजून अर्धा सेकंद उशिरा सुटत असतील. दुकानात स्पीकर बघायला गेलात तर गाणं लावू नका. एक बीप, १० सेकंद शांतता, परत बीप, असं फोनवर आधीच भरून न्या आणि बिल करायच्या आत दुसऱ्या फोनवर शूटिंग घेऊन ऐका. दुसरा बीप तोकडा वाटला तर तिथंच परत करा, नंतर कुणी ऐकून घेत नाही. तानपुरा मिसळलेली ध्वनिफीत हवी असेल तर खाली लिहा, पाठवतो.