एएसी ब्लॉकच्या भिंती: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

आरसीसी सांगाड्यात 200 मिमीचे एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक छिद्रांचा, वाफेच्या दाबाखाली पक्का केलेला हलका काँक्रीट ब्लॉक) भरलेल्या घराचा हा अनुभव. ब्लॉक चांगलाच आहे, पण गवंड्याने तो विटेसारखा वापरला की भिंत तडकणारच.

फायदा पश्चिमेच्या भिंतीला सर्वांत जास्त कळतो. 9 इंची विटेच्या भिंतीच्या मानाने साधारण निम्मीच उष्णता आत येते. वजन घनमीटरला 600 किलोच्या आसपास, म्हणजे विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्यामुळे लोखंड वाचतं, पण आरसीसी डिझाइन सुरुवातीपासून ब्लॉक धरून केलं असेल तरच. औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून केलेला ब्लॉक घेतला तर वीटभट्टीला जाणारी माती वाचते. सिमेंट, चुना आणि वाफेचं इंधन मात्र यालाही लागतंच, निदान वाहतुकीचं इंधन वाचावं म्हणून कारखाना जवळचा निवडा.

आता तडे. ताज्या ब्लॉकमध्ये भरपूर ओल असते आणि सुकताना तो आकसतो. त्यामुळे माल फळ्यांवर रचून, वर ताडपत्री टाकून आधी सुकू द्यावा. विटेसारखा पाण्यात बुडवायचा तर अजिबात नाही. फक्त धूळ झटकून हलकं पाणी शिंपडायचं. सांध्याला जाड वाळू-सिमेंट नको, तयार ब्लॉक मॉर्टरचा 3 मिमीचा थर पुरतो. भिंतीच्या उंचीत दर मीटर-सव्वा मीटरला 100 मिमीची आडवी आरसीसी पट्टी, त्यात 8 मिमीच्या दोन सळ्या. बीमखाली 10-15 मिमी फट ठेवून ती शेवटी भरायची. कॉलम-भिंतीच्या जोडावर जाळी न लावता गिलावा केला की सरळ उभी चीर पडते, आणि पावसात तिथूनच ओल येते. गिलावा 1:6 (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) ठेवा. 1:4 चा गिलावा ब्लॉकपेक्षा कडक होतो, जोरात आकसतो आणि पोकळ वाजायला लागतो.

वायरिंगसाठी छिन्नी-हातोडा नको, कटर वापरा. उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी लांब खाच टाळाच. साधा खिळा टिकत नाही. गीझर आणि किचनच्या कपाटांच्या जागा आधी ठरवून तिथे काँक्रीट भरून घ्या. नंतर जड वस्तूंसाठी आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर लागतो.

वरचा मजला नुसत्या ब्लॉकने गार होत नाही, कारण तिथली मुख्य उष्णता स्लॅबमधून येते. पैसे मोजकेच असतील तर आधी छताचं काम घ्या: कोब्याखाली एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), वर पांढरा चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर). इको निवास संहितेची (घरांसाठीचा केंद्र सरकारचा ऊर्जाबचतीचा नियमसंच) छतासाठीची 1.2 यू-व्हॅल्यूची (आकडा जितका कमी तितकी कमी उष्णता आत) मर्यादा 25 मिमी शीटमध्येही गाठता येते.