वहिनींचे चाळीस हजार: सोसायटी, पोस्ट, सोनं की भिशी?

नंदगडच्या आमच्या वहिनींनी गृहलक्ष्मीच्या वीस हप्त्यांना हातच लावला नाही. कर्नाटक सरकारने ३० ऑगस्ट २०२३ ला ही योजना सुरू केली, घरच्या कर्त्या बाईच्या खात्यात महिन्याला २,००० रुपये. हप्ता कधी वेळेवर येतो, कधी दोन-तीन महिने गप्प बसून एकदम. तरी वीस आले आणि ४०,००० साठले. तिकडे दादाला बोअरची मोटर बदलायचीय, थोरल्याला मोबाइल पाहिजे. मग एक दिवस वहिनी पिशवीत पासबुक घालून माझ्याकडे बेळगावात शहापूरला आल्या. "वन्सं, ह्याचं काय करू सांगा. डोळ्यापुढं असलं की ऱ्हात न्हाई."

खडेबाजारातल्या एका कापड दुकानात मी पंधरा वर्षं जमाखर्च लिहिला, एवढ्यावर अख्खं माहेर मला अर्थमंत्री समजतं.

चार वाटा वहिनींनी स्वतःच काढल्या होत्या: गावात शाखा असलेली सोसायटी (म्हणजे ठेवी घेणारी सहकारी पतसंस्था), पोस्ट, सोनं आणि भिशी. मी आधी भलतंच विचारलं. डोक्यावर काही आहे का? होतं. बायकांच्या गटातून घेतलेल्या फायनान्सच्या कर्जाचे दहा हजार राहिले होते, व्याज चोवीस टक्के. "ते काय, हप्त्यानं चाललंय की." चाललंय खरं, पण एका हातानं चोवीस टक्के द्यायचे आणि दुसऱ्या हातानं सात टक्के घ्यायचे, हा कसला हिशेब? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा सूक्ष्म कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. म्हणजे दहा हजारांचा प्रश्न तिथंच मिटला. चारही वाटांपैकी एकही चोवीस टक्क्यांची हमी देणार नाही, आणि कोणी देतो म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नये.

राहिले तीस हजार. आता सोसायटी आणि पोस्ट शेजारी शेजारी ठेवू, कारण वहिनींचं मन खरं तिथंच अडकलं होतं.

सोसायटी साडेनऊ टक्के देते. पोस्टाची एक वर्षाची मुदत ठेव ६.९ टक्के, २०२४ आणि २०२५ ही दोन्ही वर्षं तो दर तसाच राहिला. तीस हजारांवर वर्षाचे सोसायटीत २,८५० होतात, पोस्टात २,१०० च्या वर थोडे. फरक साडेसातशे रुपयांच्या आतबाहेर. हा आकडा मी मुद्दाम कागदावर मोठा लिहून वहिनींपुढं ठेवला, कारण "साडेनऊ" आणि "सात" ऐकताना दरी फार रुंद वाटते. साडेसातशे रुपये म्हणजे नंदगड-बेळगावच्या चार-दोन फेऱ्या आणि येताना घेतलेला कुंदा.

त्या साडेसातशेच्या बदल्यात काय सोडायचं ते बघा. बँकेतल्या ठेवीला, मग ती राष्ट्रीयीकृत असो की सहकारी, व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ती मर्यादा १ लाख होती. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. पोस्टाच्या मागे तर केंद्र सरकारच उभं आहे. सोसायटीच्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था, सौहार्द, मल्टिस्टेट, पाटीवर काहीही लिहिलेलं असो, नाही म्हणजे नाही. आपल्याकडे गोंधळ होतो तो 'सहकारी' या शब्दाने. सहकारी बँक वेगळी आणि सहकारी सोसायटी वेगळी, पण काउंटर तसाच, पासबुक तसंच आणि कॅशियर ओळखीचा.

आपल्या सीमाभागात आणखी एक गुंता असतो. सोसायटी दोन राज्यांत पसरलेली असेल तर ती २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली येते आणि तिचा निबंधक दिल्लीत बसतो. सौहार्द म्हणजे कर्नाटकातली वेगळ्या कायद्याची सहकारी संस्था, तिला १९९७ चा कायदा लागतो. मुख्य कचेरी तिकडे महाराष्ट्रात, शाखा आपल्या गल्लीत, आणि ठेवीदार खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची बायको. काही बिनसलं तर तिनं कुठल्या गाडीत बसायचं?

आमच्या मामांनी निवृत्तीचे पैसे अशाच एका सोसायटीत ठेवले होते. चेअरमन ओळखीचे, गणपतीच्या वर्गणीला सगळ्यांत पुढे. एका पावसाळ्यात शटर अर्धं खाली आलं. पुढची सहा वर्षं मामा दर सोमवारी तिथं जाऊन यायचे, कधी पाचशे मिळायचे, कधी हजार, बहुतेकदा "पुढच्या आठवड्यात". मामी म्हणायची, नोकरीत होते तेव्हाही एवढी हजेरी लावली नव्हती.

"पण वन्सं, आमची सोसायटी गावातल्याच माणसांची हाय न्हवं?" वहिनींचं म्हणणं खोटं नाही. नीट चाललेल्या सोसायट्या भरपूर आहेत, आणि अडल्यावेळी कर्ज बँकेपेक्षा लवकर तिथंच मिळतं. वहिनींनी सभासद राहावं, पाच हजार ठेवले तरी माझी हरकत नाही. सगळे तीस ठेवायला मात्र आहे.

पोस्टाचीही गाऱ्हाणी आहेत. फॉर्म इंग्रजी-हिंदीत, काउंटरवर कन्नड, आणि आपण मराठीत सही करणार. वहिनी यालाच घाबरतात. एकदा सोबत कोणी गेलं की काम होतं, पण ते एकदा कोणीतरी जायला लागतं. दुसरं म्हणजे मुदत ठेव सहा महिने मोडताच येत नाही, आणि सहा महिने ते वर्ष या काळात मोडली तर बचत खात्याचे ४ टक्केच हाती येतात. किसान विकास पत्रात पैसे ११५ महिन्यांत दुप्पट होतात, म्हणजे तिसाचे साठ व्हायला साडेनऊ वर्षं लागतात. मधे काढायचे तर साधारणपणे अडीच वर्षं थांबावं लागतं. धाकटी आता सातवीत आहे. तिच्या लग्नासाठी ठीक, कॉलेजच्या फीला उशीर होईल.

बँकेची मुदत ठेव सोसायटी आणि पोस्टाच्या मधे बसते. ती कुठल्याही दिवशी मोडता येते, थोडं व्याज कापतात एवढंच. पण २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आणला, तेव्हापासून बँकांचे ठेवीचे दरही उतरलेत.

आता सोनं. इथं माझी नि वहिनींची जुंपली, कारण २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला नि पुढेही चढत गेला. ज्यांनी आधी घेतलं ते आता शहाणे ठरलेत. "तुमच्या पोस्टानं एवढं दिलंय का कधी?" नाही दिलं, मान्य. पण तीस हजारांत आता तीन ग्रॅमही येत नाही. आणि दागिना घेतला तर घडणावळ बारा टक्के नि वर ३ टक्के जीएसटी धरून तीस हजारांतलं सोनं असतं साधारण सव्वीस हजारांचं. सराफ गल्लीची पायरी उतरतानाच चार हजार गेले. भाव पंधरा टक्के वर गेला तर कुठे बरोबरी होते, आणि मोडायला गेल्यावर सराफ आणखी घट धरतो ती वेगळीच. घ्यायचंच तर वेढणं, म्हणजे सोन्याचं साधं बिननक्षीचं वळं घ्यावं, घडणावळ नावापुरती लागते. दागिना असेल तर सहा अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक बघून घ्यावा, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

सोन्याची खरी कमाई मला वेगळ्या जागी दिसते. रात्री कोणी दवाखान्यात पडलं तर सकाळी दहाला तारण ठेवून दुपारपर्यंत पैसे हातात येतात, कोणाच्या सहीची गरज नाही. शिवाय नवऱ्याला बायकोचं पासबुक मागताना काही वाटत नाही, गळ्यातलं मागताना जीभ जरा अडखळते. हा फायदा कुठल्याच व्याजदरात बसत नाही, म्हणून सोनं मी पूर्ण खोडलं नाही. फक्त या तिसात नको म्हटलं.

भिशीची तुलना या तिसाशी करायचीच नाही. साठलेले पैसे एक, आणि पुढे दर महिन्याला येणारे दोन हजार दुसरे. भिशी त्या दुसऱ्यासाठी. वीस बायका, दोन-दोन हजार, महिन्याला चाळीस हजारांचा गठ्ठा. चिठ्ठीची भिशी असेल तर कोणाला काही सुटत नाही, फक्त नंबर लवकर किंवा उशिरा लागतो. लिलावाची असेल तर गरजू बाई सहा हजार सोडून चौतीस उचलते आणि ते सहा हजार वीसजणींत तीन-तीनशे वाटले जातात. शेवटी उचलणारीला चांगला फायदा, पहिल्यांदा उचलणारीला महाग कर्ज. काही गल्ल्यांत भिशीतूनच वर्षभर व्याजाने पैसे फिरवतात आणि दिवाळीला भिशी फुटते. तिन्ही प्रकारांत पैसे उचलून गेलेली बाई पुढे ते भरेल, हा निव्वळ शब्दाचा व्यवहार. नोंदणीकृत चिट फंडाला १९८२ चा कायदा आहे, राज्य सरकारची म्हैसूर सेल्स इंटरनॅशनलही असे चिट फंड चालवते. गल्लीतल्या भिशीला वहीशिवाय कागद नाही. आणि गृहलक्ष्मीचा हप्ता तीन महिने थांबला तर वहिनींनीच भिशीला काय सांगायचं? त्यापेक्षा पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक भरायची ठेव बरी, ६.७ टक्के, शंभर रुपयांपासून. एजंटबाई घरी येऊन नेतात. त्यांचं कमिशन सरकार देतं, आपण वेगळं काही द्यायचं नाही.

तर असं ठरलं: वीस हजार पोस्टात वर्षाच्या मुदतीला, दहा हजार बँकेत मोडता येतील असे. मोटरीसाठी दादाने लागलंच तर त्या दहातून मागावेत, विसाला हात लावू नये. नॉमिनी म्हणून वहिनींनी धाकटीचं नाव सांगितलं, दादाचं नाही. मी भुवई उंचावली तर म्हणाल्या, "त्यांचं सगळं माज्याच नावावर हाय, मग माजं तिच्या."

आरडीचा फॉर्म मी त्यांच्या पिशवीत घालून दिला होता. परवा फोन केला तेव्हा कळलं, भिशीची पहिली चिठ्ठी रविवारी निघतेय आणि वही वहिनींकडेच आहे.