पाच, सहा की आठ? आधी गडी मोजा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ग्रुपात महिनाभर एकच वाद चाललाय, एकत्र कुठला ऑनलाइन गेम खेळायचा? ग्राफिक्सवरनं भांडून उपयोग नाही. रात्री जेवणं उरकून, हेडफोन घालून नक्की किती गडी बसतात ते मोजा. निम्मा निर्णय तिथंच होतो.

पाच असाल तर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं मिथिक प्लस. एक टँक (मार झेलणारा), एक हीलर (जखमा भरणारा), तिघं मारणारे. घड्याळाविरुद्ध डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेला अड्डा, उरकायचं. वेळेत झालं तर कीची, म्हणजे डंजनच्या किल्लीची, लेव्हल चढते, नाहीतर एकनं उतरते. अर्ध्या-पाऊण तासात खेळ आटपतो, ही नोकरीवाल्यांची सोय. पण एक जण मधेच उठला तर की पाण्यात, शिवाय महिन्याची वर्गणी आहेच. त्याच गेमच्या मिथिक रेडला (रेड म्हणजे टोळीनं मोठे शत्रू पाडायची मोहीम) मात्र बरोबर २० माणसं लागतात. आमच्यात एवढी माणसं वेळेवर येतात ती फक्त पंगतीला.

सहा असाल तर 'डेस्टिनी २'ची रेड. मूळ गेम फुकट, पण बऱ्याच रेड विकतच्या एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे वाढीव भागांत, आहेत. इथं बोलल्याशिवाय भागत नाही. 'व्हॉल्ट ऑफ ग्लास' या रेडमध्ये ऑरॅकल नावाचे चमकते गोळे एकामागोमाग एक उजळतात आणि नंतर त्याच क्रमानं फोडायचे असतात. इंग्रजी खुणा आमच्या जिभेवर बसेनात. मग डावीकडचा रंकाळा, मधला बिंदू चौक, उजवीकडचा कावळा नाका. "कावळा, रंकाळा, बिंदू!" असं कुणी ओरडलं की ज्यानं त्यानं आपापला फोडायचा. पहिल्या रात्री एकानं बिंदू चौक सोडून रंकाळ्यावर गोळ्या झाडल्या. त्याला अजून सोडलेलं नाही.

आठांसाठी 'फायनल फँटसी १४'. दोन टँक, दोन हीलर, चार मारणारे. सॅव्हेज, म्हणजे अवघड पातळीची, लढाई म्हणजे लेझीमच, कुठल्या ठोक्याला कुठं उभं राहायचं ते पाठ करावं लागतं. गडी कमी असतील तर साध्या रेडला ड्यूटी फाइंडर अनोळखी माणसं जोडून देतो, म्हणून तिघा-चौघांनी इथूनच सुरुवात करावी. लेव्हल ७० पर्यंत फ्री ट्रायल आहे, तिला मुदत नाही. फक्त ट्रायलवाल्याला स्वतः पार्टी, म्हणजे टोळी, बनवता येत नाही, एकाला तरी पैसे भरावे लागतात. भारतात सर्व्हर नाही, पिंग चढतं, म्हणजे आपली हालचाल सर्व्हरला उशिरा पोचते. जमिनीवर हल्ल्याची नारिंगी खूण दिसली रे दिसली की सुटायचं.

आम्ही सहा. म्हणजे पाच, आणि एकाचं दुकान साडेदहाला बंद होतं. म्हणून डेस्टिनी, शनिवारी, पावणेअकराला.