जिल्हा रुग्णालयातली सिकलसेल ओपीडी – 4 स्टार, एक का कापला तेपण सांगते

माझी दोन्ही लेकरं एसएस पॅटर्नची आहेत, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेल (रक्ताचा आजार) आलेली, मोठी बारा वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा. आधी आम्ही प्रायव्हेटमध्ये दाखवायचो, तिथे हातपाय दुखायला लागले की सलाईन, इंजेक्शन आणि बिल, पुढच्या वेळी दुखू नये म्हणून काय करायचं हे कोणी बोलायचंच नाही. इथल्या ओपीडीत पहिला विषय तोच निघाला.

मोठीला हायड्रॉक्सीयुरिया 500 ची कॅप्सूल सुरू केली, रोज एक, फुकट मिळते. या औषधाने लहान बाळात असतं ते हिमोग्लोबिन एफ वाढतं, मग रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकायचं प्रमाण कमी होतं. कॅन्सरमध्येपण वापरतात म्हणून घरचे घाबरले होते, पण मॅडमने नीट समजावलं की डोस वजनावर ठरतो आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट कमी होऊ शकतात म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, ठरल्या वेळी करायचीच, चुकवायची नाही. फरक लगेच नाही दिसत, काही महिने धीर धरावा लागतो, पण आता तिची शाळा पहिल्यासारखी बुडत नाही. सोबत फॉलिक ॲसिड आहेच. आणि रक्त कमी आहे म्हणून कोणी लोहाचं टॉनिक दिलं तर विचारल्याशिवाय पाजू नका, हे तिथे दरवेळी बजावतात.

धाकट्याच्या वेळी जे शिकवलं ते मला फार मोलाचं वाटतं. सिस्टरने माझाच हात धरून त्याच्या डाव्या बरगडीखाली ठेवला, म्हणाल्या, ताई, हळू दाबा, श्वास घेतला की बोटाला कडक लागतं ना, ती प्लीहा. बॉलपेनने तिथे रेघ मारून दिली, रोज आंघोळीच्या वेळी बघायचं, रेघेच्या खाली गेली आणि पोरगं एकदम पांढरं पडलं, सुस्त झालं तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उचलून आणायचं, कारण शरीरातलं रक्त प्लीहेत अडकतं आणि काही तासांत जीवावर बेततं. ताप 101 च्या वर गेला तरी तेच. त्याला पाच वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस, कारण या मुलांची प्लीहा जंतूंशी नीट लढत नाही.

शाळेसाठी चिठ्ठीपण देतात, पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या आणि लघवीला जाऊ द्या. या मुलांच्या किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही आणि शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. सरांना ते पटलं.

आता कापलेला स्टार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर (सोनोग्राफीसारखी तपासणी) इथे होत नाही, नागपूरला जा म्हणतात. लकव्याचा धोका आधीच कळावा म्हणून दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांची ही तपासणी दरवर्षी व्हायला पाहिजे, मजुरी बुडवून दोन लेकरं घेऊन नागपूर कोण करणार सांगा! जिल्ह्याला ही सोय मिळायलाच हवी. कधीकधी कॅप्सूलचा स्टॉक संपतो तेव्हापण फार त्रास होतो, म्हणून डबी संपायच्या आठवडाभर आधीच जात जा.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, सिकलसेल कार्ड आणि जुने सीबीसीचे कागद सोबत ठेवा, आणि लग्न ठरायचं असलेली पोरं घरात असतील तर त्यांचीपण तपासणी तिथेच करून घ्या, पैसे लागत नाहीत.