एकट्याचा गिट रेपो ठेवायचा कुठे? एसएसएचच्या चार वाटा

घरखर्चाची स्क्रिप्ट, कॉन्फिग फायली, अर्धवट प्रबंध. असलं सगळं गिटच्या रेपोत, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या फोल्डरात, ठेवलेलं असतं. ते लॅपटॉपशिवाय आणखी एका जागी असावं, एवढीच गरज असते. त्यासाठी कुणी गिटहब ही रेपो ठेवून घेणारी वेबसाइट सुचवतं, कुणी 'स्वतःचा सर्व्हर टाक' म्हणतं, आणि माणूस गोंधळतो.

दूरच्या रेपोपर्यंत जायचे नेहमीचे रस्ते दोन: वेबसाइटवाला एचटीटीपीएस, आणि दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायचा एसएसएच. एचटीटीपीएसचा विचार लवकर संपतो. गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी (बदल वर पाठवण्यासाठी) पासवर्ड घेणं बंद केलं. तिथे आता टोकन लागतं आणि ते कुठेतरी जपून ठेवावं लागतं. जपायचंच आहे तर एसएसएचची की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी खाजगी-पब्लिक अशी जोडी, जपलेली बरी. ईडी२५५१९ प्रकारची करा, पासफ्रेज (कीचा पासवर्ड) द्या, एजंटमध्ये (की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाका आणि विसरा.

गिटहबचा खाजगी रेपो ही सर्वांत आळशी वाट, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. २०१९ पासून खाजगी रेपो फुकट आणि हवे तेवढे मिळतात. जोडीतली पब्लिक की तिथे चिकटवली की काम सुरू. ऑफिसच्या नेटवर्कवर एसएसएचचा नेहमीचा २२ नंबरचा पोर्ट बंद असला तर ४४३ वरूनही एसएसएच चालतं. पण १०० एमबीपेक्षा मोठी फाइल पुश होत नाही, आणि खातं अडकलं तर दार तुमच्या हातात नसतं. मार्च २०२३ मध्ये त्यांची आरएसए होस्ट-की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी की) चुकून उघडी पडली आणि त्यांना ती बदलावी लागली. तेव्हा ती की वापरणाऱ्यांच्या टर्मिनलवर मोठ्ठी धोक्याची सूचना आली. अशा वेळी डोळे झाकून 'यस' टाइप करायचं नसतं, अधिकृत पानावरचा फिंगरप्रिंट (कीची छोटी खूण) पडताळायचा असतो.

दुसरी वाट माझी लाडकी: स्वतःच्या सर्व्हरवर नुसता बेअर रेपो, म्हणजे कामाच्या फायली न मांडता फक्त इतिहास ठेवणारा. महिन्याला चार-पाचशे रुपयांचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) किंवा घरातला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक). त्यावर गिट आणि एसएसएच असलं की 'गिट इनिट --बेअर' एवढी एकच आज्ञा लागते. वेगळी सेवा नाही, डेटाबेस नाही. फक्त '--बेअर' विसरू नका. साध्या रेपोत चालू ब्रँचवर (सध्या उघडलेल्या कामाच्या फांदीवर) पुश करायला गेलात तर गिट नकार देतं, आणि ते बरोबरच आहे.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिल्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. की बरोबर, ऑथराइज्ड-कीज फाइल (कोणत्या की मानायच्या त्यांची यादी) बरोबर, तरी सर्व्हर पासवर्डच मागत बसला. शेवटी सर्व्हरचा लॉग उघडला तर तिथे परवानग्यांबद्दल तक्रार. कधीतरी वैतागून होम फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळं करायची परवानगी) दिलं होतं, ते तसंच राहिलेलं. होमवर इतरांना लिहिता येत असेल तर एसएसएच की मानतच नाही, आणि समोरच्याला कारणही सांगत नाही. एसएसएच फोल्डरला ७००, आतल्या फाइलला ६०० (दोन्ही फक्त मालकासाठी), आणि होमवर फक्त मालकाचा हात. दुसरा खड्डा: नव्या लॅपटॉपवर क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली) आणि फोल्डर रिकामं! कोड कुठेही गेलेला नसतो. सर्व्हरचं हेड (आधी कोणती ब्रँच उघडायची ती खूण) 'मास्टर'कडे बघत असतं आणि तुम्ही पुश केलेलं असतं 'मेन'. रेपो करतानाच '-बी मेन' द्यावं.

घरच्या रास्पबेरी पायला आणखी एक अडचण येते. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, त्यामुळे बाहेरून घरात शिरता येत नाही. टेलस्केलसारखं, आपली यंत्रं खाजगी जाळ्यात जोडणारं काही घातलं तर सुटतं, नाहीतर सरळ व्हीपीएस घ्या.

दुसरा माणूस आला की गणित बदलतं. एखादा मित्र असेल तर 'गिट' नावाचा वेगळा युझर करून त्याला गिट-शेल द्या. मित्राला पुश-पुल करता येईल, सर्व्हरवर हिंडता येणार नाही. पण त्याला एकच रेपो दाखवायचा असेल तर हे पुरत नाही. तिथे सीताराम चामर्ती यांचं गिटोलाइट कामी येतं. कुणाला काय दिसावं हे एका फाइलीत लिहायचं. ती फाइल आणि सगळ्यांच्या पब्लिक की एका गिट रेपोतच राहतात. पुश केलं की नियम लागू. अमुक ब्रँचवर जबरी पुश (जुना इतिहास पुसू शकणारा) कुणी करायचं, इथपर्यंत ठरवता येतं. एकट्यासाठी मात्र हा उगाच थाट आहे.

फोनवर कोड वाचायचा असेल, इश्यू (कामांच्या, चुकांच्या नोंदी) लिहायचे असतील तर स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं, गिटहबसारखं गिटी, किंवा २०२२ मध्ये त्यातून फुटलेलं फोर्जेओ. दोन्ही रास्पबेरी पायवरही चालतात. पण ते वेब अ‍ॅप आहे. अपडेट्स वेळच्या वेळी लावणार नसाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मी स्वतः बेअर रेपोवर आहे, पण व्हीपीएसवर माझा तेवढा विश्वास नाही. म्हणून एकाच रिमोटला (दूरच्या रेपोच्या नोंदीला) दोन पुश-पत्ते दिलेत: एक माझ्या सर्व्हरचा, एक गिटहबच्या खाजगी रेपोचा. 'सेट-यूआरएल --अ‍ॅड --पुश' ही आज्ञा दोनदा द्यावी लागते, कारण पहिल्यांदा दिली की पुशसाठी मूळचा पत्ता धरला जात नाही. मला ते तीन आठवड्यांनी कळलं. तोवर माझ्या सर्व्हरवर एकही नवा कमिट (नोंदवलेला बदल) पोचला नव्हता.