फाइली भांडतात तेव्हा: चार तर्कपद्धतींतली कोणती घ्यावी?

एकाच रुग्णाच्या तीन फाइली आहेत. पहिल्या दोन म्हणतात, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, दमाही आहे. तिसरी म्हणते, दोन्ही नाही. रक्तगट फक्त पहिलीत आहे: बी. नेहमीच्या तर्कशास्त्रात ‘आहे’ आणि ‘नाही’ एकत्र आले की वाट्टेल ते सिद्ध होतं, अगदी रक्तगट ओ असल्याचंसुद्धा.

हे टाळायला तर्कशास्त्रज्ञ रेशर आणि मॅनॉर यांची १९७०ची पद्धत सोपी वाटते. आपसात न भांडणाऱ्या विधानांचे मोठ्यात मोठे गट पाडायचे आणि सगळ्या गटांतून निघेल तेवढंच मानायचं. रक्तगट वाचतो, बाकीचं अनिर्णित राहतं. पण भांडणाऱ्या स्वतंत्र जोड्या २० झाल्या की गट होतात १०,४८,५७६. शिवाय कुणी ‘ॲलर्जी आहे आणि रक्तगट बी’ असं एकच विधान केलं असेल, तर ॲलर्जीसोबत रक्तगटही हातचा जातो.

अंतर मोजण्याची पद्धत निकाल देते, म्हणून मोह होतो. प्रत्येक शक्यता प्रत्येक फाइलपासून किती मुद्द्यांवर वेगळी, ते मोजायचं. ‘दोन्ही आहेत’ची बेरीज ०+०+२ म्हणजे २, सर्वांत कमी, बहुमत जिंकलं. पण दुसरी फाइल पहिलीवरून उतरवलेली असेल, तर एकाच माणसाची दोन मतं धरली गेली. बेरजेऐवजी सर्वांत मोठं अंतर कमीत कमी ठेवलं, तर उत्तर येतं ‘दोन्हींपैकी नेमकं एक’. हे तर कुणीच म्हटलं नव्हतं!

नोंदी साठवायच्या असतील तर तर्कशास्त्रज्ञ बेलनॅप यांचं चार मूल्यांचं तर्कशास्त्र (१९७७) घ्या. प्रत्येक मुद्द्याला दोन खुणा: कुणी ‘आहे’ म्हटलं का, कुणी ‘नाही’ म्हटलं का. ॲलर्जीला दोन्ही खुणा लागतात, डॉक्टरला भांडण दिसतं आणि रक्तगटाला धक्का लागत नाही. त्याची किंमत आहे: ‘पेनिसिलिनची किंवा सल्फा औषधाची ॲलर्जी’ आणि ‘पेनिसिलिनची नाही’ यांवरून ‘सल्फाची’ हे काढता येत नाही.

कोण किती खात्रीने सांगतो याचे आकडे असतील, तर ते एकत्र करायला डेम्प्स्टर यांचा नियम आहे, पण त्यातला धोका दाखवणारं झादे यांचं उदाहरण आधी पाहा. एक डॉक्टर म्हणतो मेंदुज्वर ०.९९, मेंदूत गाठ ०.०१, दुसरा म्हणतो डोक्याला मार ०.९९, गाठ ०.०१. नियमाचं उत्तर: गाठ, १०० टक्के. कारण विरोधाचा ०.९९९९ भाग टाकून उरलेल्याने भागलं जातं. म्हणून एकत्र करण्याआधी दोघांचाही भरवसा ०.९ धरा आणि ०.१ ‘माहीत नाही’कडे ठेवा. मग गाठ सुमारे १ टक्क्यावर येते, आणि मेंदुज्वर व मार प्रत्येकी ४७च्या आसपास.