शाडू, बकऱ्याचे हृदय की मॅनिकिन? नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी कृतिसाधनांची तुलना

एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आणि प्राथमिक शुश्रूषा शिकवणाऱ्या शिक्षकांना सत्र सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते, की मर्यादित पैसा आणि त्याहून मर्यादित प्रात्यक्षिकाचे तास कोणत्या साधनांवर खर्च करायचे. साधन आकर्षक आहे का, विद्यार्थिनींना मजा येते का, हे प्रश्न गौण आहेत. विद्यार्थिनीचा हात चुकला तर शिक्षकाने तोंड उघडण्यापूर्वी ते साधन चूक दाखवून देते का, ही कसोटी मला अधिक उपयोगी वाटते, आणि पुढील तुलना तिच्याच आधारे केली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर, वेधनाचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर आणि पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या पुतळ्यावर करावा असे सांगितले आहे. प्रत्येक कर्माला वेगळे साधन नेमून देण्यामागचा विचार आजच्या खरेदीच्या यादीलाही लागू पडतो, कारण सर्व कामांना पुरेल असे एक साधन नसते.

शरीररचनेसाठी मातीकाम आणि बकऱ्याचे अवयव हे दोन स्वस्त पर्याय आहेत, परंतु ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. माती बसवताना विद्यार्थिनीला निर्णय घ्यावा लागतो: हा स्नायू कोणत्या हाडापासून सुरू होतो, कुठे संपतो, कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली आहे. आकृतीत नाव लिहिताना हा निर्णय टाळता येतो. मातीत टाळता येत नाही, कारण खालचा थर चुकला तर वरचा बसत नाही. म्हणूनच प्रदर्शनासाठी रंगीत हृदय किंवा मेंदू घडवण्यात तास घालवू नयेत असे माझे मत आहे. त्याऐवजी कटीच्या हाडांच्या सांगाड्यावर नितंबाचे स्नायू थराथराने बसवावेत, सायटिक नर्व्हसाठी, म्हणजे नितंबातून पायात उतरणाऱ्या जाड नसेसाठी, पिवळी जाड लोकर ठेवावी आणि वरचा स्नायू चढवल्यावर इंजेक्शनची जागा टाचणीने दाखवायला सांगावे. माती उचलून पाहिले की टाचणी लोकरीच्या किती जवळ गेली ते दिसते. चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने या नसेला इजा होऊन पाऊल लुळे पडू शकते, हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा ही टाचणी अधिक शिकवते. त्याच सांगाड्यावर मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर तळहात ठेवून, तर्जनी कटीच्या हाडाच्या पुढच्या टोकावर आणि मधले बोट मागे फाकवून होणाऱ्या कोनातील बाजूची, अधिक सुरक्षित जागाही दाखवता येते. शाडू स्वस्त असते आणि महाराष्ट्रात सहज मिळते, पण वाळली की तडकते. वर्षभर वापरायची असेल तर तेलयुक्त, न वाळणारी माती महाग असूनही परवडते.

मातीला न जमणारी गोष्ट म्हणजे ऊतींचा पोत, आणि तिथे मटणाच्या दुकानातील अवयवांना पर्याय नाही. बकऱ्याचे हृदय उभे कापले की डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड असल्याचे बोटांना कळते. झडपांना धरून ठेवणारे दोर ओढून पाहता येतात. महाधमनीच्या कापलेल्या तोंडातून पाणी ओतले की अर्धचंद्राकृती झडपा मिटून ते अडवतात. हे शेवटचे प्रात्यक्षिक महागड्या प्लास्टिक प्रतिकृतीत होत नाही. दुकानदाराला मोठ्या रक्तवाहिन्या लांब ठेवायला आदल्या दिवशी सांगावे लागते, नाहीतर त्या मुळाशीच छाटलेल्या मिळतात. परंतु हे अवयव माणसाचे नाहीत, हे फळ्यावर लिहूनच तास सुरू करावा. माणसाच्या महाधमनीच्या कमानीतून तीन मोठ्या शाखा निघतात, बकऱ्यात त्या एकाच समाईक खोडातून फुटतात. माणसाच्या मूत्रपिंडात अनेक पिरॅमिड, म्हणजे शंकूच्या आकाराचे भाग, वेगळे दिसतात, बकऱ्याच्या मूत्रपिंडात मात्र एकच सलग कडा असते. त्यामुळे हृदय घ्यावे, मूत्रपिंडाचा आग्रह धरू नये. फुप्फुस फुगवून दाखवायचे असल्यास तोंडाने कधीही फुंकू नये, पंप वापरावा आणि फुप्फुस पारदर्शक पिशवीत ठेवावे. हातमोजे अनिवार्य आहेतच. वर्गात शाकाहारी विद्यार्थिनी असतील तर सक्ती न करता त्यांना त्याच तासाला मातीचे काम द्यावे.

बाटली आणि फुग्यांची फुप्फुसाची प्रतिकृती सर्वांना परिचित आहे. दाब कमी झाला की हवा आत येते एवढे ती नीट दाखवते. पण तिच्यात छाती हलत नाही, आणि मूळचे घुमटाकार श्वासपटल सपाट होण्याऐवजी बाटलीच्या तळाचे सपाट रबर खाली ओढले जाते. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ तिला देऊ नये.

त्वचेवर चित्र काढण्याचा उपक्रम मात्र अनेकदा करमणूक म्हणून बाजूला पडतो, आणि ते योग्य नाही. जिवंत शरीरावर चूक लगेच उघडी पडते: मनगटाची नाडी जिथे रेखाटली तिथे ती बोटाला लागली पाहिजे, आणि हृदयाच्या टोकाचा ठोका पाचव्या डाव्या आंतरबरगडी जागेत शोधण्यासाठी छातीच्या हाडावरील कोनापासून दुसरी बरगडी धरून खाली मोजता आले पाहिजे. हात, दंड आणि पाठ यांपुरते हे काम वर्गात, संमतीने आणि धुऊन जाणाऱ्या रंगाने करावे. छातीसाठी जुना टी-शर्ट वापरण्याची सोय चांगली वाटते, पण कापड सरकते आणि बरगड्या नीट लागत नाहीत. छातीच्या खुणा शक्यतो मुलींच्या गटात, पडद्याआड आणि शिक्षिकेच्या उपस्थितीतच घ्याव्यात.

कौशल्यांकडे वळल्यावर घरगुती साधनांची मर्यादा अधिक ठळक होते. इंजेक्शनसाठी मोसंबी किंवा संत्रे सिरिंज धरणे, औषध भरणे, हवा काढणे आणि एका हाताने दट्ट्या दाबणे यासाठी पुरेसे आहे. स्नायूत 90 अंशांनी आणि त्वचेखाली साधारण 45 अंशांनी सुई घालण्याचा फरक हाताला समजतो, पण सुई कोणत्या थरात पोहोचली ते फळ सांगत नाही. बीसीजीसारख्या त्वचेतील इंजेक्शनसाठी तर फळ निरुपयोगीच आहे. फुगवटा उठला की नाही हीच तिथली परीक्षा असते, आणि त्यासाठी सरावाचा थरयुक्त पॅड घ्यावा. फळावर वापरलेली सुईसुद्धा पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यातच टाकावी, कारण सरावात लागलेली सवय वॉर्डात तशीच जाते.

सीपीआरच्या, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून करायच्या उपचाराच्या, बाबतीत मी उशीवर सराव करण्याचा सल्ला देणार नाही. प्रौढ व्यक्तीत मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोली आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे या तीन गोष्टींपैकी उशीवर फक्त पहिली शिकवता येते, आणि तीही घड्याळ लावून. खोली खोटी वाटते, छाती वर येणे दिसतच नाही, आणि विद्यार्थिनीला जमल्याचा विश्वास मात्र मिळतो, जो न जमण्यापेक्षा धोकादायक आहे. साधे धडाचे मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, ज्यात योग्य खोलीला टक असा आवाज येतो, ही या यादीतील एकमेव गोष्ट आहे जिच्यासाठी पैसे बाजूला ठेवलेच पाहिजेत.

याउलट प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ओळखण्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. खाण्याचा लाल रंग आणि थोडे कॉर्नफ्लोअर घालून दाटसर केलेले पाणी मोजपात्राने 100, 300 आणि 500 मिली घेऊन पॅड, साडीचा तुकडा व चादरीवर ओतावे, आणि अंदाज लिहून घेतल्यावरच आकडे उघड करावेत. रक्तस्राव मोठा असताना नजरेचा अंदाज कमी पडतो, ही जगभर नोंदलेली चूक इथे वर्गातच पकडली जाते. अतिरक्तस्रावाचा 500 मिलीचा उंबरठा पाठ असलेल्या विद्यार्थिनीलाही ते चादरीवर कसे दिसते ते माहीत नसते. हात धुण्यासाठी डोळे बांधून तळहातावर रंग चोळण्याची कृतीही अशीच फुकटची आहे; अंगठा आणि बोटांची टोके कोरी राहिलेली दिसतात.

शरीररचनेचा प्लास्टिक संच की दुसरे मॅनिकिन, असा प्रश्न उरला तर मी दुसरे मॅनिकिन निवडेन. 40 विद्यार्थिनींच्या वर्गात प्रत्येकीने दोन मिनिटे दाब दिले, तर एका मॅनिकिनवर एक फेरी संपायला 80 मिनिटे लागतात, आणि एका फेरीत कोणाचाही हात बसत नाही.